रेडिंगची कॉम्पिटिशन सीटिंग डाय: गोळी प्रत्येक वेळी सारख्याच खोलीवर बसते का?

रायफलची काडतुसे घरी भरणाऱ्या माणसाने पहिली महागडी डाय कोणती घ्यावी, असे मला कोणी विचारले, तर मी रेडिंग कंपनीच्या कॉम्पिटिशन सीटिंग डायचे नाव घेईन. सीटिंग डाय म्हणजे प्रेसमध्ये, म्हणजे हँडलने दाब देणाऱ्या हातयंत्रात, बसवायचे ते साधन, जे गोळी पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी नळीच्या) तोंडात हव्या त्या खोलीवर दाबून बसवते. मात्र ती का घ्यावी याचे जे कारण जाहिरातीत ठळक छापलेले असते, ते माझे कारण नाही. डायच्या माथ्यावरचा मायक्रोमीटर देखणा आहे आणि सोयीचाही आहे. पण प्रत्येक पुंगळीत गोळी सारख्याच खोलीवर बसणे हे त्या मायक्रोमीटरवर फारच थोडे अवलंबून असते. ते अवलंबून असते डायच्या पोटातील सरकत्या स्लीव्हवर, त्याहून अधिक पुंगळीच्या मानेवर, म्हणजे गोळीला धरून ठेवणाऱ्या तिच्या अरुंद भागावर, आणि बऱ्याच अंशी गोळीच्या स्वतःच्या घडणीवर. ही डाय मी ६.५ क्रीडमूर या काडतुसासाठी वापरतो, आणि पुढे जे लिहिले आहे ते त्याच वापरातून आलेले आहे.

वाचकांपैकी अनेक जण महाराष्ट्रातील असतील, म्हणून कायद्याची बाब आधीच सांगून टाकतो. मी ओहायोमध्ये राहतो. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यानुसार स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला परवाना लागत नाही. विकण्यासाठी भरायची असतील तर लागतो, आणि राज्याराज्यांचे नियम वेगळे पाहावे लागतात. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे, तेव्हा तेथील वाचकांनी हे सगळे एका यंत्राचे परीक्षण म्हणूनच वाचावे. शिवाय तेजस्विनी सावंत किंवा स्वप्नील कुसळे यांच्यामुळे जो ५० मीटर रायफलचा खेळ आपल्या घरोघरी पोहोचला, त्यात .२२ रिमफायर, म्हणजे बुडाच्या कडेवर आघात होऊन पेटणारे, काडतूस वापरतात, आणि ते कारखान्यातून तयारच येते. तेथे नेमबाजाच्या हाती उरते ते एवढेच, की निरनिराळ्या लॉटची काडतुसे मारून पाहायची आणि आपल्या नळीला मानवणारा लॉट उचलायचा. सेंटरफायर रायफलीत, म्हणजे जिच्या काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर आघात होतो तिच्यात, मात्र पुंगळी, प्रायमर (दारू पेटवणारी टोपी), दारू आणि गोळी हे चारही घटक आपण स्वतः जुळवू शकतो, आणि गोळी किती खोल बसवायची हेही आपणच ठरवतो.

ही खोली दोन कारणांसाठी महत्त्वाची आहे. गोळी जितकी खोल बसेल तितकी पुंगळीतील दारूसाठीची जागा कमी होते. आणि गोळी जितकी बाहेर राहील तितकी ती नळीतील आट्यांच्या सुरुवातीच्या, म्हणजे नेमबाज ज्यांना लँड्स म्हणतात त्यांच्या, जवळ जाते. गोळी लँड्सला टेकवून किंवा त्यांत किंचित रुतवून बसवली तर दाब वाढतो, आणि थोडे अंतर ठेवले तर गोळीला मोकळी उडी मिळते. ६.५ क्रीडमूरसाठी अमेरिकन उद्योगाच्या सामी या प्रमाण संस्थेने काडतुसाची कमाल लांबी २.८२५ इंच आणि कमाल सरासरी दाब ६२,००० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) ठरवला आहे. होर्नाडी कंपनीने हे काडतूस २००७ मध्ये आणले, आणि त्याच्या नावात १८७३ साली न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर सुरू झालेल्या क्रीडमूर या जुन्या लांब पल्ल्याच्या मैदानाची आठवण आहे. लांब, निमुळत्या गोळ्या मॅगझिनमध्ये मावतील अशा रीतीने बसवता याव्यात, हाच त्याच्या रचनेमागचा एक मोठा हेतू होता. म्हणून या काडतुसात बसवण्याच्या खोलीचा विचार करणे ओघानेच येते.

येथे परिमाणाविषयी एक वाक्य. या कामात सगळे बोलणे हजारांश इंचात चालते, ज्याला पुण्या-पिंपरीच्या कारखान्यांत सर्रास थाऊ म्हणतात. एक थाऊ म्हणजे ०.०२५४ मिलिमीटर, माणसाचा केस साधारण तीन थाऊ जाडीचा धरला तर आपण कशाच्या मागे लागलो आहोत याची कल्पना येईल.

आता डायकडे वळू. साध्या सीटिंग डायमध्ये पुंगळी वर जाते, तिच्या तोंडावर बोटाने धरलेली गोळी डायच्या पोकळीत शिरते आणि वरून लटकणारा दांडा, म्हणजे स्टेम, तिच्या नाकाला टेकतो. पोकळी सैल असते. गोळी जराशी कललेली असली तरी तिला सरळ करणारे तेथे काहीच नसते, आणि ती तशीच मानेत घुसते. रेडिंगच्या या डायमध्ये पोकळीच्या जागी स्प्रिंगवर बसवलेली एक घट्ट मापाची स्लीव्ह आहे. पुंगळी प्रथम त्या स्लीव्हमध्ये पूर्ण शिरते, पुंगळीचे अंग, मान, गोळी आणि स्टेम हे सगळे एका रेषेत येते, आणि त्यानंतर स्लीव्ह पुंगळीसह वर सरकू लागते. स्टेम जागीच राहतो आणि गोळी मानेत उतरते. म्हणजे बसवण्याचे काम सुरू होण्याआधी सरळ करण्याचे काम संपलेले असते. इलिनॉयमधील लॅनार्कच्या फॉर्स्टर कंपनीची सीटिंग डायही याच तत्त्वावर चालते, आणि ज्यांच्याकडे ती आहे त्यांनी केवळ नाव बदलण्यासाठी रेडिंग घेण्याचे कारण नाही.

ही रचना हाताला कशी लागते ते सांगितले पाहिजे. गोळीचा बुड पुंगळीच्या तोंडावर ठेवून प्रेसचा रॅम, म्हणजे पुंगळीला वर नेणारा खांब, वर नेला की आधी काहीच अडथळा जाणवत नाही. मग स्प्रिंगचा मऊ, सारखा वाढणारा दाब लागतो, आणि त्यानंतर अचानक नव्हे तर एका ठरावीक जागी हँडल जड होते. तेथे गोळी मानेत शिरू लागलेली असते. हा जडपणा प्रत्येक पुंगळीला सारखा लागला तर पुढे कॅलिपरवर येणारे आकडेही जवळजवळ सारखे येतात. एखादी पुंगळी हाताला घट्ट लागली, तर मोजण्याआधीच मी ती बाजूला ठेवतो. कॅलिपर लावला की ती बहुधा इतरांपेक्षा एक-दोन थाऊ लांब निघते. उलट, गोळी लोण्यात सुरी शिरावी तशी गेली तर मान सैल आहे हे नक्की, आणि असे काडतूस मी मॅगझिनमध्ये घालत नाही, कारण फैरीच्या धक्क्याने त्यातली गोळी आत सरकू शकते आणि आत सरकलेली गोळी म्हणजे वाढलेला दाब.

मायक्रोमीटरवर एकेक थाऊच्या रेघा आहेत आणि शून्याची रेघ हवी तेथे आणून ठेवण्याची सोय आहे. ही सोय मला सर्वांत उपयोगी वाटते ती एकाच रायफलीसाठी दोन वेगळ्या गोळ्या वापरताना. १४० ग्रेनच्या होर्नाडी ईएलडी मॅचसाठी एक वाचन, त्याच वजनाच्या बर्जर हायब्रिडसाठी दुसरे. दोन्ही वहीत टिपून ठेवली की बदल करायला क्षणभर पुरतो. मात्र वाचन सापेक्ष असते. मायक्रोमीटरचा आकडा काडतुसाची लांबी सांगत नाही, तो फक्त मागच्या स्थितीपासून स्टेम किती खाली किंवा वर गेला हे सांगतो. डाय प्रेसमधून काढून पुन्हा लावली, शेल होल्डर, म्हणजे पुंगळीचे बूड धरणारा तुकडा, बदलला किंवा दुसऱ्या प्रेसवर नेली की जुना आकडा आरंभबिंदू म्हणून घ्यायचा आणि पहिले काडतूस मोजूनच पुढे जायचे. माझी रीत अशी, की पहिली गोळी हव्या असलेल्या मापापेक्षा पाचेक थाऊ बाहेर ठेवायची, मोजायची आणि मग उरलेला फरक मायक्रोमीटरने खाली न्यायचा. खोल गेलेली गोळी वर ओढायला ठोकणी लागते; बाहेर राहिलेली गोळी नुसती पुन्हा डायमधून फिरवली की काम भागते.

कशाचे माप घ्यायचे, हा यापुढचा आणि खरा प्रश्न. नवशिका माणूस काडतुसाच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतची लांबी मोजतो, ती काडतुसाकाडतुसात पाच-सात थाऊने बदलताना पाहतो आणि डायला दोष देतो. यात डायचा काही संबंध नसतो. उघड्या टोकाच्या मॅच गोळीचे टोक साच्यात दाबून मिटवलेले असते आणि ते कधीच अगदी सारखे नसते. स्टेम तर त्या टोकाला शिवतही नाही, तो नाकाच्या खालच्या भागावर टेकतो. टोकावर प्लास्टिकचा तुकडा बसवलेल्या गोळ्यांत हा फरक कमी दिसतो, तरी त्यावरून खोली ठरवणे चुकीचेच. लांबी एकाच गोष्टीसाठी बघावी: काडतूस मॅगझिनमध्ये मावते की नाही. बाकी सर्व कामासाठी कंपॅरेटर लावून बुडापासून ओजाइव्हपर्यंतचे, म्हणजे गोळीचा फुगवटा जेथे नळीच्या आट्यांना प्रथम टेकेल त्या वर्तुळापर्यंतचे, माप घ्यावे.

कंपॅरेटर म्हणजे कॅलिपरच्या जबड्याला लावायचा एक ठोकळा आणि त्यात बसवायची भोकाची चकती. भोक गोळीच्या व्यासापेक्षा थोडे लहान असते, गोळीचे नाक त्यात शिरते आणि एका वर्तुळावर अडते. दोन कंपन्यांच्या, इतकेच काय एका कंपनीच्या दोन चकत्यांची भोकेही तंतोतंत सारखी नसतात, म्हणून मित्राने सांगितलेले त्याच्या कंपॅरेटरचे माप आपल्या उपयोगाचे नसते. याच कारणाने मी माझे माप येथे देत नाही. ते वाचणाऱ्याच्या रायफलीला लागू होणार नाही. शिवाय सर्वसाधारण डिजिटल कॅलिपर पडद्यावर अर्ध्या थाऊपर्यंत दाखवतो, पण त्याची खरी अचूकता एक थाऊच्या आसपास असते, आणि अंगठ्याचा दाब बदलला की वाचन बदलते. तेव्हा पडद्यावरच्या अर्ध्या थाऊच्या फरकावर डायची परीक्षा करणे म्हणजे कॅलिपरचीच चूक डायच्या माथी मारणे होय.

कॅलिपरने मोजले असता, चांगली तयारी केलेल्या पुंगळ्यांत ही डाय माझ्या बाकावर बहुतेक काडतुसे एक थाऊच्या आत-बाहेर ठेवते. तयारी नसलेल्या पुंगळ्यांत तीच डाय, तोच प्रेस, तोच हात तीन-चार थाऊचा पसारा दाखवतो. हा फरक कोठून येतो हे समजून घेतल्याशिवाय कोणतीही महाग डाय घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फरक येतो तो बहुतेक मानेतून. पुंगळीचे पितळ वारंवार उडवले आणि पुन्हा मापात दाबले की ते कडक होते. कडक पितळ दाबल्यावर थोडे परत उसळते, आणि ही उसळी प्रत्येक पुंगळीत वेगळी असते. परिणामी काही माना गोळीला घट्ट धरतात, काही सैल. घट्ट मानेत गोळी ढकलायला जास्त जोर लागतो. हा जोर प्रेसच्या चौकटीत, लिव्हरच्या खिळ्यांत आणि स्टेम व गोळी यांच्या टेकण्याच्या जागी थोडाथोडा खर्च होतो, आणि गोळी जेथे थांबायला हवी त्याच्या अंमळ आधी थांबते. मायक्रोमीटर मात्र तोच आकडा दाखवत राहतो. यावर उपाय जुनाच आहे: माना ठरावीक काळाने ॲनील करणे, म्हणजे फक्त मान आणि खांदा तापवून पितळाला पुन्हा मऊपणा आणणे. बूड तापू द्यायचे नाही, हे सांगायलाच नको. मऊ बुडाची पुंगळी धोकादायक असते.

ॲनीलिंगच्या जोडीला मान कशी मापात आणली जाते हेही पाहावे. साध्या साइझिंग डायमधील, म्हणजे उडवलेली पुंगळी पुन्हा मापात आणणाऱ्या डायमधील, एक्सपांडर बॉल हा गोळा मान आतून ओढत बाहेर येतो आणि कोरड्या मानेला कधी ताणतो, कधी वाकवतो. बुशिंगची, म्हणजे बदलता येणाऱ्या कड्याची, डाय वापरून मान बाहेरून मोजकीच दाबणे आणि मग मँड्रेलने, म्हणजे ठरावीक मापाच्या दांड्याने, आतून एकसारखी करणे या रीतीने मानेची पकड बरीच सारखी होते. भरलेल्या काडतुसाच्या मानेच्या व्यासापेक्षा बुशिंग दोन-तीन थाऊ लहान घेण्याची पद्धत आहे, आणि मॅगझिनमधून मारायच्या काडतुसांना तेवढी पकड पुरते.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची, आणि येथे माझे मत बऱ्याच जणांना पटत नाही. पाणी, साबण आणि स्टीलच्या बारीक पिना घालून ड्रममध्ये फिरवलेल्या पुंगळ्या सोन्यासारख्या चमकतात. पण त्या पिना मानेच्या आतला काजळीचा पातळ थर पूर्ण काढून टाकतात, आणि त्या थराचे काम वंगणाचे असते. लख्ख, कोरड्या पितळावर गोळीचे तांबे घासत जाते, कधी अडकत जाते, आणि हँडलवरचा दाब प्रत्येक पुंगळीला वेगळा होतो. शिवाय पिनांच्या माऱ्याने तोंडाची कड थोडी चेपून आत वळते. त्यापेक्षा अक्रोडाच्या कवचाचा भुसा किंवा मक्याच्या कणसाचा चुरा घालून कोरड्या पुंगळ्या घासल्या तर चमक कमी येते, पण मानेत थोडी काजळी राहते आणि गोळी सहज उतरते. ज्यांना चमकच हवी त्यांनी बसवण्याआधी नायलॉनच्या ब्रशने मानेत कोरडे ग्रॅफाइट फिरवावे. तोंडाची आतली कड हलकीशी तासणे मात्र दोन्ही पद्धतींत आवश्यक आहे. चपट्या बुडाच्या गोळीला तर ते टाळताच येत नाही, कारण कडेवर अडकलेले तिचे बूड मानेतले पितळ खरवडत जाते.

आता गोळीच्या घडणीकडे. स्टेम नाकावर एका वर्तुळात टेकतो. कंपॅरेटर, आणि नळीतील लँड्सही, गोळीला त्याच्या बऱ्याच खाली, जाड भागावर शिवतात. या दोन वर्तुळांमधले अंतर एका लॉटमधील सर्व गोळ्यांत सारखे असेल तरच डायची अचूकता कंपॅरेटरवर दिसेल. ते अंतर दोन थाऊने बदलत असेल, तर जगातील सर्वांत अचूक डायसुद्धा दोन थाऊचा फरक देणार, कारण ती फक्त स्टेमच्या वर्तुळाची जागा राखते, खालच्या वर्तुळाची नाही. एका खोक्यातल्या गोळ्या सहसा एकमेकींशी बऱ्या जुळतात; लॉट बदलला की मात्र डायची स्थिती पुन्हा मोजून घ्यावी. काही जण गोळ्या बुडापासून ओजाइव्हपर्यंत मोजून गट पाडतात. त्याने समाधान मिळते, पण वर सांगितलेले दोन वर्तुळांचे अंतर त्यातून कळत नाही, त्यामुळे खोलीसाठी त्या गटांचा उपयोग मर्यादितच आहे.

स्टेमबद्दल दोन गोष्टी. लांब, निमुळत्या सेकंट ओजाइव्हच्या गोळ्यांसाठी रेडिंग वेगळा व्हीएलडी (हवेचा रोध फार कमी असलेल्या गोळ्यांचा) स्टेम विकते, कारण नेहमीच्या स्टेमची कड अशा बारीक नाकावर अरुंद जागी टेकते आणि पातळ जॅकेटवर गोल वण उमटवू शकते. गोळी बसवल्यावर नाकावर अंगठीसारखी रेघ दिसली तर आधी मानेची पकड तपासावी, कारण वण म्हणजे बहुतेक वेळा जास्त जोराची खूण असते. पकड ठीक असेल तर स्टेमकडे बघावे. प्लास्टिक टोकाच्या गोळीत ते टोक स्टेमच्या खोलगट भागाच्या तळाला टेकत नाही ना, हेही पाहावे. नाकावर थोडे मार्करचे काळे लावून एक गोळी बसवली की स्टेम कोठे घासला ते लगेच दिसते. ही साधी परीक्षा नवी डाय आणल्यावर पहिल्याच बैठकीत करावी.

डायच्या मर्यादा स्पष्ट आहेत आणि कंपनीने त्या लपवलेल्या नाहीत. दारू पुंगळीत गच्च भरून ती गोळीने दाबावी लागेल अशा भारासाठी ही डाय वापरू नये, अशी कंपनीचीच सूचना आहे. आतले भाग त्या जोरासाठी बनवलेले नाहीत. तसे पाहिले तर दाबलेल्या दारूवर सारखी खोली मिळणेही कठीणच, कारण दारू गोळीला हळूहळू वर ढकलते आणि रात्री बरोबर असलेले माप सकाळी बदललेले असते. लांब नळीच्या फनेलमधून दारू सावकाश ओतली तर ती अधिक दाट बसते आणि पुष्कळदा दाबण्याची वेळच येत नाही. डायमध्ये क्रिम्प करण्याची, म्हणजे पुंगळीचे तोंड गोळीवर आवळण्याची, सोय नाही. बोल्ट रायफलच्या मॅच काडतुसांना ती लागतही नाही, पण ज्यांना लागते त्यांनी वेगळी डाय घ्यावी.

किंमत दीडशे ते दोनशे डॉलरांच्या दरम्यान असते, आणि सीटिंग व साइझिंग मिळून येणारा साधा संच याहून पुष्कळ स्वस्तात मिळतो. हे पैसे वसूल होतात का? शंभर यार्डांवर शिकारीच्या रायफलीने सराव करणाऱ्याला होणार नाहीत, असे मी म्हणेन. तीन थाऊची चूक त्या अंतरावर कागदावर ओळखू येईल, असे मला वाटत नाही. कित्येक अनुभवी नेमबाज नव्या गोळीची खोली शोधताना तीन-तीन थाऊच्या पायऱ्यांनीच चाचणी घेतात, आणि चांगली खोली सापडते ती अनेक थाऊ रुंद असते. अशा रुंद जागेच्या मध्यावर गोळी बसवली की एका थाऊची चूक आपोआप पचते. सहाशे ते हजार यार्डांवर, लेक ईरीच्या काठच्या कॅम्प पेरीसारख्या मैदानावर वाऱ्याशी झुंजणाऱ्याला मात्र आपल्या बाजूने होणारी प्रत्येक चूक कमी हवी असते, म्हणजे उरलेली चूक वाऱ्याची आहे की आपली हे त्याला ओळखता येते. त्याला ही डाय मी बिनदिक्कत सुचवेन. गोळी सरळ बसण्याचा फायदा तर त्याला खोलीच्या फायद्याहून अधिक मिळेल.

या डायला खरा प्रतिस्पर्धी वॉशिंग्टन राज्यातील कॅशमिअरच्या एल. ई. विल्सन कंपनीची हातडाय आहे. ती प्रेसमध्ये आटे फिरवून बसवत नाहीत. संपूर्ण पुंगळी तिच्या पोटात मावते, वरून स्टेम येतो आणि एका लहान आर्बर प्रेसने तो खाली दाबतात. स्टेमचा माथा डायच्या माथ्यावर धातूवर धातू टेकला की काम संपते, त्यामुळे प्रेसची चौकट किती वाकते, शेल होल्डर किती सैल आहे, हे प्रश्नच उरत नाहीत. आर्बर प्रेसच्या आखूड दांड्यातून मानेची पकड बोटांना जितकी स्पष्ट कळते तितकी ती मोठ्या प्रेसच्या लांब हँडलमधून कळत नाही. जोर मोजणारा काटा बसवलेले आर्बर प्रेसही मिळतात. बेंचरेस्टचे, म्हणजे रायफल टेबलावर टेकवून मारण्याच्या खेळाचे, नेमबाज मैदानावरच टेबलाशी बसून याच पद्धतीने काडतुसे भरतात. पण ती पद्धत सावकाश आहे, प्रत्येक पुंगळी डायमध्ये घालायची, दाबायची, काढायची. आणि एका बैठकीत शंभर-दोनशे काडतुसे भरणाऱ्याला तिचा कंटाळा येतो. रेडिंगची डाय नेहमीच्या प्रेसवर नेहमीच्या वेगाने चालते, हा तिचा मोठा गुण.

वेग म्हणजे घाई नव्हे. सारखी खोली हवी असेल तर रॅम प्रत्येक वेळी अगदी वरपर्यंत, सारख्याच जोराने न्यावा आणि तेथे क्षणभर थांबावे. काही जण रॅम थोडा खाली आणून पुंगळी अर्धी फिरवतात आणि पुन्हा वर नेतात. त्याने खोलीत फार फरक पडतो असे मला दिसले नाही, पण नुकसानही नाही. प्रेसच्या ज्या खिळ्यांना खेळ आला आहे त्यांना तेल द्यावे किंवा ते बदलावेत, आणि शेल होल्डरच्या खाचेत अडकलेला दारूचा एखादा दाणा ब्रशने काढावा, कारण तो दाणा पुंगळीच्या बुडाखाली गेला की खोली तेवढीच बदलते. डायच्या स्लीव्हमध्येही ग्रॅफाइट, तांब्याचा कीस आणि वंगण साचत जाते. ती उघडून पुसून परत लावणे सोपे आहे. ओहायोतल्या तळघराच्या दमट हवेत मी तिला तेलाचा अगदी पातळ हात देतो. जास्त तेल दिले तर ते पुंगळीच्या खांद्यावर आणि पुढे चेंबरमध्ये जाते, आणि तेलकट चेंबरमध्ये पुंगळीची पकड कमी होऊन बोल्टवरचा भार वाढतो.

लँड्सपासून किती अंतर ठेवावे याचे उत्तर रायफलगणिक वेगळे असते, आणि नळी झिजत जाते तसे लँड्सही पुढे सरकतात. मी स्पर्धेसाठी नेहमी थोडी उडी ठेवतो. लँड्समध्ये रुतवलेल्या गोळीचे काडतूस न मारता बाहेर काढण्याची वेळ आली, म्हणजे मैदानावर अचानक फैरी थांबवण्याचा पुकारा झाला, तर पुंगळी बाहेर येते, गोळी नळीत अडकून राहते आणि दारू बोल्टच्या खाचांत सांडते. सफाईत आपली मारण्याची सगळी पाळी निघून जाते. शिवाय रुतवलेल्या गोळीला खोलीतला एक थाऊचा फरकही दाबात जाणवू शकतो. खोली कोणत्याही दिशेला बदलली, गोळी बदलली किंवा दारूचा लॉट बदलला, तर प्रकाशित पुस्तिकेतील दारूच्या सुरुवातीच्या भारापासून पुन्हा वर चढत यावे.

खरेदी करताना काडतुसाचे नाव नीट तपासून घ्यावे, कारण स्लीव्ह त्या काडतुसाच्या अंगाच्या मापाची असते, ६.५ क्रीडमूरची डाय .३०८ विंचेस्टरला चालत नाही. डायच्या अंगावरचे आटे नेहमीचे, ७/८ इंच १४ आट्यांचे आहेत, त्यामुळे बाजारातील बहुतेक सर्व प्रेसवर ती बसते. व्हीएलडी स्टेम डायबरोबर येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. ज्यांच्या बाकावर बर्जर किंवा तत्सम लांब नाकाच्या गोळ्या आहेत त्यांनी तो डायबरोबरच मागवावा.